पालटसभा

गिरगावातल्या वाचनालयाची पालटसभा म्हणजे चिंतामणी प्रधानांचा जीव की प्राण. विषय एक, पण सभा दोन दिवस. पहिल्या दिवशी वक्त्याने चिठ्ठीत निघेल ती बाजू मांडायची, दुसऱ्या दिवशी नेमकी उलटी. समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या तोंडून नीट मांडता आलं तरच बोलायचा हक्क, असं चिंतामणी दर वर्षी प्रास्ताविकात सांगत आणि श्रोते दर वर्षी जांभया देत.

यंदाचा विषय होता, ‘मुंबईत मराठी माणूस मागे पडला, याला तोच जबाबदार.’ त्यांच्या मुलीला, वैदेहीला, पहिल्या दिवशी अनुकूल बाजू आली. पोरीने सभा गाजवली. “घरं विकून आपण गेलो आणि दोष द्यायला दुसरा शोधला,” या वाक्याला टाळ्याही पडल्या. कुणीतरी नेमकं तेवढंच मोबाइलवर टिपलं आणि सकाळपर्यंत ते शहरभर फिरलं. चिठ्ठीचा उल्लेख त्यात कुठून असणार! वैदेही शिकवायची त्या शाळेतून फोन आला. दुपारी इमारतीखाली अनोळखी माणसं तिचं नाव विचारून गेली.

“आजची सभा रद्द करू,” चिंतामणी म्हणाले.

“मग कालचंच उरेल, बाबा. लोक तेच धरून बसतील.”

“आणि आज उलट बोललीस तर म्हणतील, टरकली.”

“म्हणून तर आधी तुम्ही पद्धत सांगा. नीट, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. एवढं कराल ना?”

“करेन गं. दर वर्षी तेच तर करतो.”

संध्याकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जांभईवाली मंडळी मागे ढकलली गेली होती आणि पुढच्या रांगांत दंड फुगवलेली तरणी पोरं मोबाइल उगारून बसली होती. चिंतामणी उभे राहिले. “मित्रहो, आपल्या सभेची एक पद्धत—”

“ओ काका, टाइमपास नको! तिला बोलवा!”

चिंतामणी चक्क खाली बसले. वैदेहीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती माइकपाशी गेली. बंद गिरण्या, त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, आवाक्याबाहेर गेलेली भाडी, न विचारता झालेले निर्णय, हे सगळं ती कालच्यापेक्षाही पोटतिडकीने बोलली. सभागृह विरघळलं.

पुढच्या रांगेतला एक धिप्पाड माणूस उठला. “ताई काल चुकल्या, आज लाइनवर आल्या. काका, ही माफीच समजायची ना?”

सगळे मोबाइल चिंतामणींकडे वळले. उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. सारा जन्म तेच सांगत आले होते. पण वैदेही आणि दार यांच्यामध्ये किती माणसं उभी आहेत, तेवढंच त्यांना दिसत होतं.

“हो,” ते म्हणाले. “माफीच समजा.”

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! कुणी वैदेहीच्या गळ्यात हार घातला. चिंतामणींना खरंच हायसं वाटलं, लाज वाटायच्याही आधी.

गर्दीने दोघांना अदबीने वाट करून दिली. जिन्यात वैदेहीने हार काढून कठड्यावर ठेवला.

“दोन दिवसांत चिठ्ठी न काढता एकच वाक्य बोललं गेलं, बाबा,” ती म्हणाली. “ते तुमचं.”

चिंतामणी एकेक पायरी उतरत राहिले. वर पोरांच्या घोषणा चालूच होत्या आणि आता त्या त्यांच्या नावाने होत्या.