पोहाकूची लाट

सॉलोमन अंकलनी १९६३ साली आमच्या हवाईतल्या कौआई बेटाचा सर्फिंगचा नकाशा काढला. त्यात चौदा जागा होत्या आणि प्रत्येकीपुढे वारा, भरती, खडक सगळं नीट लिहिलेलं. तेव्हा तो पेट्रोल पंपावर मिळायचा, आता हॉटेलांच्या भिंतींवर काचेआड मिरवतो. पंधरावी जागा, पोहाकू, त्यात नाही. ती आमच्या दारासमोर आहे.

बाहेरच्याला पोहाकू सांगायची नाही, हा गावाचा शिरस्ता. मागच्या वर्षी बोटींसाठी धक्का बांधायचं ठरलं, तेव्हा पाहणीवाली बाई दारोदार विचारत आली, "इथे कुणी सर्फिंग करतं का?" सगळ्यांनी सवयीनं एकच उत्तर दिलं, "छे, इथे नुसते खडक. उत्तरेला जा." मीही तेच सांगितलं. तेव्हा माझ्या काखेत बोर्ड होता आणि केसांतून पाणी निथळत होतं. बाईनं निमूटपणे लिहून घेतलं.

मग शाळेच्या जेवणघरात सुनावणी झाली. धक्क्याची भिंत नेमकी पोहाकूवर येणार होती, म्हणून आम्ही हरकत घेतली होती. सुनावणी घेणाऱ्या नाकासोनेसाहेबांनी आमचीच उत्तरं आम्हाला वाचून दाखवली.

"पिली, हे तूच सांगितलंस ना?" त्यांनी मला विचारलं.

"सवयीनं बोलले हो, साहेब."

"छत्तीस जणांना एकच सवय?" त्यांनी जुना नकाशा टेबलावर पसरला. "आणि हा? तुमच्यातल्या सगळ्यात जाणत्या माणसानं काढलाय. यातही लाट नाही."

आमच्या शहाणपणाचा मला संताप आला.

अंकल उठले. वय चौऱ्याऐंशी. "नकाशा खोटा आहे. मी मुद्दाम गाळली."

"गप बसा हो," शेजारून नोएलानी आंटी पुटपुटल्या. "सांगितलीत की गेली हातची."

"नाही सांगितली तर भिंतीखाली जाईल. पेन दे."

त्यांनी खाडीच्या तोंडाशी फुली मारली, नाव लिहिलं. मला वाटलं, झालं. पण ते लिहीतच राहिले: कुठला वारा, भरतीची वेळ, खडक कुठे, उजवीकडच्या प्रवाहातून आत कसं जायचं.

"अंकल, फुली पुरे की!" मी त्यांची बाही ओढली.

"अर्धवट नकाशा वाचून कुणी खडकावर आपटलं तर? हात सोड, पोरी."

धक्का दुसऱ्या खाडीत गेला. गावानं डुक्कर भाजलं, युकुलेले वाजले, अंकलना हार घातले. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रानं तो नकाशा अख्ख्या पानावर छापला, अंकलच्या अक्षरासकट.

रविवारी गाड्यांची रांग चर्चपर्यंत पोचली होती. अंकल आपला जुना लांब बोर्ड घेऊन पाण्याशी आले. मी मागेच होते. एक उन्हानं लाल झालेली पाहुणी त्यांच्याजवळ आली आणि अगदी आपुलकीनं म्हणाली, "आजोबा, पहिल्यांदाच आलात का? उजवीकडच्या प्रवाहातून जा, म्हणजे दमणार नाही. नकाशात दिलंय तसं."

अंकल तिला थँक्यू म्हणाले. उजवीकडून गेले आणि लाटेसाठी थांबलेल्या पन्नास-साठ जणांच्या मागे बोर्डवर बसून राहिले. मला ते बघवेना, पण नजर हटेना. दुपारपर्यंत त्यांच्या वाट्याला एकही लाट आली नाही.