मान खाली घालून बघायचा कॅमेरा

म्हाताऱ्या फोटोग्राफरने विकायला काढलेल्या कॅमेऱ्याचं झाकण उचललं, तशा आतल्या चार पत्र्याच्या भिंती खटकन उभ्या राहिल्या.

"हा डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरा आणि मान खाली घाला."

दोघी बहिणींतल्या धाकटीने मान खाली घातली. दुधी काचेवर त्यांची खिडकी दिसत होती आणि अगदी डाव्या कडेला, खुर्चीत, ते स्वतः. ते मधोमध यावेत म्हणून तिने कॅमेरा डावीकडे वळवला, तर ते काचेवरून नाहीसेच झाले.

"पळालो ना मी?" ते हसले. "डावं-उजवं उलटं दिसतं यात. पहिले काही दिवस सगळ्यांचीच फजिती होते."

तिने पुढच्या दोन लेन्सपैकी वरची ओढणीने पुसून उजेडात धरली.

"ती नुसती बघायला. फोटो खालची काढते. गिऱ्हाईक मात्र नेमकी वरचीच तपासतं."

मग त्यांनीच खालची पुसून दाखवली. जुनी असली तरी स्वच्छ होती.

"कुणाचे फोटो काढणार?"

"ताईचे," धाकटी म्हणाली, आणि कुणापाशी रडगाणं न गाणारी ती बाई या परक्या माणसापाशी बोलत सुटली. तीन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला आणि तोंड एका बाजूला ओघळलं. तेव्हापासून मोबाइल नुसता वर केला तरी ती पांघरूण ओढून घ्यायची. शाळेतली कारकुनी, दवाखान्याच्या खेपा, औषधांच्या वेळा यांनी धाकटी मेटाकुटीला आली होती, पण तिला खरी भीती वेगळीच होती. उद्या ताईचं काही बरंवाईट झालं, तर या तीन वर्षांतली ताई कुठेच उरणार नव्हती.

"याने काढताना तिच्याकडे रोखून बघावं लागणार नाही," ती म्हणाली. "म्हणून हाच हवाय."

फोटोग्राफरने कॅमेरा चामडी पेटीत ठेवला आणि पेटी तिच्या हातात दिली.

घरी ताई नेहमीसारखी चाकांच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काय भंगार उचलून आणलंस?"

"कॅमेरा आहे. एकच फोटो काढू दे." धाकटीने स्टूल ओढलं आणि मान खाली घातली. "मी बघतसुद्धा नाहीये तुझ्याकडे."

"काचेत तर बघतेस ना." ताईने तोंडावर ओढणी घेतली. "नको म्हटलं ना गं."

ती रागावली असती तर धाकटी भांडली तरी असती. पण त्या आवाजात नुसता थकवा होता, आणि त्याच्याशी काय भांडणार? तिचं सगळं अवसानच गळालं. तिने कॅमेरा ताईच्या मांडीवर ठेवला.

"मग तूच सांभाळ. मला जरा पाठ टेकू दे."

पलीकडच्या पलंगावर भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने खटकन आवाज झाला.

"जरा सरक. अगं, तिकडे नाही. हां, आता हलू नकोस."

धाकटीने डोळे उघडले. ताई खुर्ची फिरवून तिच्यासमोर बसली होती, कॅमेऱ्यावर पार वाकून. चेहरा दिसत नव्हता, नुसता भांग दिसत होता. चांगल्या हाताने ती चित्र ठळक करणारी बाजूची चकती अगदी सावकाश फिरवत होती.

"तुझे केस कधी पिकले?"

"झाली की दोन वर्षं."

"बोलली नाहीस."

धाकटीला हसू येणार होतं. केस पिकले म्हणून कुणी वर्दी देतं का? एकाच खोलीत तर राहतो आपण. मग तिच्या ध्यानात आलं की आपलं तोंड लपवता लपवता ताईने तीन वर्षांत तिचंही पाहिलं नव्हतं.

"डोळे किती खोल गेलेत गं. जेवतेस ना वेळेवर?"

तीन वर्षं हा प्रश्न धाकटी विचारत आली होती. तिला तो कुणी विचारला नव्हता.

"जेवते की."

"खोटं नको बोलूस," ताई मान वर न करताच म्हणाली. "इथे सगळं स्पष्ट दिसतंय."