समोरची काच

तिनं रुमालानं काच आतून पुसून पाहिली. काही फरक पडला नाही. पाणी बाहेर होतं आणि वायपर ते निपटण्याऐवजी सगळीकडे माखत होता. बाबांच्या बाजूला तर ऐन डोळ्यांसमोर पाण्याचा जाड पट्टा तसाच राहत होता, आणि प्रत्येक फेरीला कर्र आवाज येत होता.

"बाबा, दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय की. पावसात एवढं चालायचंच."

ते तिला बस स्टँडवर सोडायला निघाले होते. आईला जाऊन महिना होत आला होता. रजा संपली, म्हणून ती आज परत चालली होती. माझी मी जाते म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. बॅग स्वतः डिकीत ठेवली, मग पलीकडे जाऊन तिच्यासाठी दार उघडलं. ते आईसाठी उघडायचे, तिच्यासाठी कधी नाही. ती आत बसली होती.

पेट्रोल पंपाशेजारी स्पेअर पार्टचं दुकान दिसताच तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली. दुकानदार छत्री धरून बाहेर आला. वायपर उचलून त्यानं रबरावरून बोट फिरवलं, तर एक तुकडा हातातच आला.

"पार वाळून गेलंय. काचेवर पट्टे उठायला लागले, आवाज यायला लागला, की बदलून टाकायचं. हे कधीच बदलायला हवं होतं. लक्षात नाही आलं तुमच्या?"

"नाही आलं," बाबा म्हणाले आणि स्टिअरिंगवरची न दिसणारी धूळ अंगठ्यानं पुसत राहिले.

नवे वायपर बसले. पहिल्याच फेरीत काच लख्ख झाली. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, फुटपाथवर कडेकडेनं चाललेली माणसं, सगळं धुऊन काढल्यासारखं दिसायला लागलं.

"आता कसं वाटतंय?"

"छान. खूपच फरक पडला."

पण ते अजूनही तसेच पुढे वाकून, मान ताणून चालवत होते. पुढच्या चौकात त्यांनी गाडी थांबवली. सिग्नल नव्हता. दोन्हीकडचा रस्ता मोकळा होता. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"का थांबलात?"

"तू काही बोलली नाहीस."

तिला आधी उमगलंच नाही. मग आईचा आवाज आठवला. डावीकडून सायकल येतेय, जाऊ द्या तिला. पुढे खड्डा आहे. हं, मोकळं आहे, चला. गेली काही वर्षं गाडी सुरू झाली की आईच्या तोंडाचा पट्टाही सुरू व्हायचा. सुट्टीला घरी आलं की मागच्या सीटवर ती आणि भाऊ हसायचे. या गाडीला ड्रायव्हर दोन, एकाकडे स्टिअरिंग, दुसऱ्याकडे हॉर्न. बाबाही हसायचे. एकदा वैतागून तीच म्हणाली होती, आई, जरा गप्प बस ना. आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"बाबा, समोरच्या दुकानाचं नाव वाचा बरं."

त्यांनी बराच वेळ काचेतून पाहिलं.

"दुकान आहे का तिथे?"

मागचा हॉर्न थांबत नव्हता. ती उतरली, भिजत गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी आली. तोवर त्यांनी सीटबेल्ट सोडला होता. ते पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. तिनं गाडी घराच्या दिशेनं वळवली.

"तुझी बस?"

"ऑफिसला फोन करते मी."

पेट्रोल पंप मागे पडला.

"आईनं तुला माझ्या डोळ्यांचं सांगितलं होतं का कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही काही बोलली नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, तिला कळलेलंच नाही."