भाऊजींचं गवत कापायचं मशीन

"चमच्यांच्या खणात पाना, साबणाच्या डबीत स्क्रू. उद्या माझ्या कवळीत दातांऐवजी नट बसवा म्हणजे झालं," सासूबाई वहिनीच्या कानाशी पुटपुटल्या.

"हळू, आई. ऐकतील ते."

"ऐकू दे की! माझाच मुलगा आहे." पण आवाज त्यांनी खाली आणलाच.

हा मुलगा म्हणजे वहिनीचा धाकटा दीर. केस पिकले तरी घरात धाकटाच. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून, गवत कापायच्या मशीनचं इंजिन उघडून भाऊजी बसले होते. दर रविवारी बसत. स्वतःच्या घरीच बसले असते, पण त्यांचं टेबल त्यांची बायको घेऊन गेली होती. टेबल, चार खुर्च्या, आणि स्वतःला. जाताना दारात थबकून म्हणाली होती, "साधं दारासमोरचं गवत कापायचं म्हटलं तरी तुमचं मशीन बंद. आता आणखी काय बोलायचं!"

भाऊजींनी त्यातलं गवत तेवढं ऐकलं. मशीन दुरुस्त करायचं, गवत कापायचं, की बायको परत. हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि इंजिन उचलून भावाकडे आले.

पुढे जाऊबाईंचा वहिनीला फोन आला. छोटासा फ्लॅट घेतला होता, खिडक्यांना पडदे शिवून लावले होते. वहिनी काय समजायचं ते समजली. रागावून गेलेली बाई खिडकीला जुनी चादर टांगते. मापं घेऊन पडदे शिवले, की ती तिथे राहायला गेली. वहिनीनं हे नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं आईला सांगितलं, आणि तिघांनी एकमेकांना बजावलं, की त्याला मात्र कळता कामा नये. भाऊजींसमोर 'ती बहिणीकडे गेलीय' असंच म्हणायचं ठरलं. जाऊबाईंना बहीण नव्हती. पण हा विषय कोणी काढला नाही, भाऊजींनीसुद्धा नाही.

वहिनीला घोर लागला तो वेगळाच. इंजिन सुरू झालं, गवत कापलं, आणि तरी ती आली नाही, तर हा माणूस कशाच्या आधारावर उठून बसणार? त्या संध्याकाळी टेबल पुसताना तिनं पिस्टनची एक रिंग उचलली आणि कपाटात आपल्या बांगड्यांच्या डब्यात टाकून दिली.

पुढच्या रविवारी भाऊजींनी टेबलाखाली वाकून शोधलं, पायपुसणं झटकलं, आणि म्हणाले, "असू दे. काही इंजिनं हिच्यावाचूनही चालतात."

वहिनी ओशाळली. पण त्यानंतरच्या रविवारी स्पार्क प्लग नाहीसा झाला, आणि तो काही तिनं घेतला नव्हता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे असा बघत होता, जणू छत आजच बसवलंय. मग कार्ब्युरेटरमधली सुई गेली. शेवटी सासूबाईच हातात पिस्टनची रिंग घालून जेवायला आल्या.

"तुझ्या डब्यात मिळाली," त्या वहिनीला म्हणाल्या. "साधीच आहे, पण रोजच्याला बरी."

"शोभते हो, आई," भाऊजी म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

घरात चोर तीन झाले आणि माल एकच, तेव्हा अडचण व्हायचीच. एकदा वहिनीचा आणि नवऱ्याचा हात एकाच स्प्रिंगवर पडला.

"घे, तू घे."

"अहो, नको. मागच्या खेपेला मीच घेतलं होतं."

इंजिन रोडावत चाललं. भाऊजींचं काम मात्र तितक्याच निगुतीनं चाले. उरलेलं सगळं रॉकेलमध्ये बुडवायचं, दात घासायच्या ब्रशनं घासायचं, फुंकर मारून उजेडात धरायचं. अखेर वरचं झाकण, दोरी आणि दोरीची मूठ एवढंच शिल्लक राहिलं. आत खडखडायलाही काही नव्हतं. भाऊजींनी झाकण आवळलं, हात पुसले.

"झालं," म्हणाले.

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. भाऊजींनी दोरी ओढली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

"वा!" नवरा म्हणाला. "आवाज काय कमी केलास रे!"

"आधी केवढं कोकलायचं मेलं," सासूबाईंनी दुजोरा दिला.

"धूरसुद्धा नाही," वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"ट्यूनिंग, वहिनी. सगळा खेळ ट्यूनिंगचा," भाऊजी म्हणाले. "चला, निघू या."

भाऊजींच्या घरासमोरचं गवत कमरेला लागत होतं. फाटक उघडायला दोघांना रेटावं लागलं. चाकांच्या सांगाड्यावर इंजिन बसवून भाऊजींनी मशीन आत घातलं. गवत वाकलं, मशीन पुढे गेलं, आणि गवत झोपमोड झाल्यासारखं सावकाश उठून उभं राहिलं.

"कडेचं राहिलं!" पायरीवरून नवरा घसा फोडून ओरडला, मशीनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून. सासूबाईंनी कानांत बोटं घातली.

भाऊजी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होते, वळत होते. दर वळणाला थांबून फाटकापलीकडे रस्ता बघत होते. बाह्यांना कुसळं चिकटली होती, मानेवरून घाम ओघळत होता.

"वहिनी, रस्त्यावरून दिसेल ना कापलेलं?" त्यांनी विचारलं. "जाता-येता कुणाला?"

"दिसतंय तर! लख्ख!" नवरा ओरडला.

वहिनीला मात्र आता राहवेना. ती गवतात शिरली, वाट काढत त्यांच्यापाशी गेली आणि मशीनच्या दांड्यावर हात ठेवला. दांडा गार होता, स्वस्थ होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मशीन बंद आहे."

पायरीवर सासूबाईंनी कानांतली बोटं काढली.

भाऊजींनी आणखी दोन पावलं मशीन ढकललं, आणि मग थांबले. गवत त्यांच्यामागे उठून उभं राहिलं.

"ती यायची नाही, वहिनी," ते म्हणाले.