तळाला भोक नसलेला डबा

मी एक जुना तेलाचा डबा आहे, मित्रांनो. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात चेपलेला. तेल केव्हाच संपलं. आता माझ्या पोटात माती आहे. त्या मातीत काय चाललंय हे जाणून घ्यायची मला भारी खोड.

तलवाड्याच्या छबुबाईंचं कुटुंब दसरा झाला की ऊसतोडीला निघतं. घराला कुलूप लागतं आणि दारची तुळस पाण्यावाचून वाळते. दरवर्षी परतल्यावर छबुबाई त्या वाळक्या काडीपुढे हात जोडत. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं, तुळस संगती न्यायची. रोप माझ्यात लावायचं ठरलं. सून मनिषा खिळा नि दगड घेऊन आली, तर छबुबाईंनी तिला थांबवलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी गोधड्यांवर बसणार होतो. भोकं पाडली तर पाणी गळेल, सगळं अंथरूण भिजेल, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटलं. आयुष्यभर तेल सांभाळलेल्या डब्याने गळायचं म्हणजे नामुष्कीच की!

साखर कारखान्याजवळ पाचटाची कोपी, म्हणजे आमची झोपडी, उभी राहिली आणि दारात मी बसलो. सुरुवातीला मुळं माझा पत्रा हळूच चाचपायची. मला गुदगुल्या व्हायच्या. छबुबाई उसाच्या फडात जायच्या आधी रोज तांब्याभर पाणी घालत. वरची माती वाळलेली दिसे, पण तळाशी पाणी तुंबून राही. हळूहळू मुळांची चाचपणी थांबली. पानं पिवळी पडली. ऊन बाधलं असं समजून छबुबाई दोन तांबे घालू लागल्या. मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं. शेजारच्या कोप्यांतल्या बायकांनी मांडवाला ऊस काढून ठेवले आणि इकडे नवरीनंच मान टाकली. आपल्या हातानं घरची तुळस मेली, असं म्हणून छबुबाई रडू लागल्या. मनिषा माझ्यावर वाकली. तिला कुबट वास आला.

"आत्या, पाणी कमी न्हाई, लई झालंय. त्याला जायला वाटच न्हाई."

"गोधड्या भिजत्याल म्हणून तर..."

"आता कुठं हाय गोधडी खाली?"

छबुबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनीच मला कलता धरला. मनिषानं खिळा ठोकला. काळं पाणी भळभळा वाहिलं. मला आधी लाज वाटली, मग फार हलकं वाटलं. लग्नाच्या दिवशी तुळशीवर चारच हिरवी पानं होती, पण तिच्यावर अक्षता पडल्या.

उन्हाळ्यात आम्ही घरी आलो. तोवर तुळस चांगली फुटली होती. दारात लावायला तिला बाहेर काढलं, तेव्हा मुळं गोल फिरून अगदी माझ्यासारखी चौकोनी झालेली. जागा मिळेल तसा जीव वाढतो, हे मला तेव्हा कळलं. छबुबाईंनी ती बोटांनी अलगद सोडवली आणि रोप भुईत लावलं. कुलूप लागल्यावर ते तगेल का, ठाऊक नाही. म्हणून तिच्याच मंजिऱ्या त्यांनी माझ्यात पेरल्या. कोंभ वर आलेत.

मित्रांनो, झाडाला नुसतं पाणी घालू नका, ते कुठून बाहेर जातं तेही वाकून बघा. दसरा जवळ आलाय. यंदा ट्रॉलीत माझ्याखाली घमेलं ठेवायचं ठरलंय. गोधड्या कोरड्या राहतील, आणि गळायची मला आता लाज वाटणार नाही.