बारा वर्षांची उंची

मी एक पट्टी बोलतेय. बेघर मुलांच्या निवाऱ्याच्या दारात, दोन सैल आकड्यांवर आडवी टांगलेली. "हिला लागला तो बाहेर. त्यावर प्रश्न नाही," असं मला टांगतानाच सांगितलं गेलं. लाकडाच्या जातीनं उलट बोलायचं नसतं, म्हणून मीही गप्प राहिले.

निवारा बारा वर्षांखालच्या मुलांसाठी. पण रस्त्यावर वाढलेल्या पोराकडे जन्माचा दाखला कुठला असणार? मग वय कळायचं कसं? म्हणून मी. पोरानं माझ्याखालून चालत जायचं. डोकं लागलं नाही तर त्याला आत अंथरूण, दोन वेळचं जेवण आणि पुढच्या खोलीतली शाळा. डोकं लागलं की मी आकड्यांवर हलते आणि आवाज होतो, टक्. टक् झालं की रस्ता. आत घेतलेल्यांनाही दर तीन महिन्यांनी पुन्हा माझ्याखालून जावं लागतं.

माझी उंची कशी ठरली, ते मला पक्कं आठवतं. निवारा काढणारे ते मोठे काका. सगळे त्यांना असंच म्हणतात. सुतारानं त्यांना विचारलं, "किती उंचीवर टांगू?"

"बारा वर्षांचं पोर असतं तेवढ्यावर."

सुताराची मुलगी खिळ्यांचा डबा धरून शेजारीच उभी होती. त्यानं तिला दारात उभं केलं आणि तिच्या डोक्याशी पेन्सिलीनं रेघ मारली. "ही माझी बाराचीच आहे."

"बाबा, मी नऊची आहे," मुलगी म्हणाली.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," काका आणि बाप एका सुरात म्हणाले.

अशी मी तीन वर्षं खाली टांगली गेले. आज या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

सुरुवातीला मला काही जाणवलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं, की या घरात मुलं वाढत नाहीत. ती गुडघे किंचित वाकवून चालायची. मान खांद्यांत ओढून घ्यायची. ताटातलं निम्मं बाजूला सारायची. खेळतानाही कुणी उडी मारायचं नाही. निजताना अंगाची मुटकुळी करून, हनुवटी गुडघ्यांना लावून निजायची. निवारा पाहायला येणारे पाहुणे म्हणायचे, "काय नम्र मुलं आहेत हो!" आणि मुदपाकखाना सांभाळणाऱ्या मावशी कौतुकानं सांगायच्या, "खातात सुद्धा चिमणीएवढं."

एकदा एका पोराच्या डोक्याला मी लागले. टक्. त्याला बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो परत आला, गुडघ्यांवर चालत. माझ्याखालून आरामात गेला. तसाच गुडघ्यांवर वर्गात जाऊन आपल्या जागी बसला आणि त्यानं पाटी मागितली. एकही पोर हसलं नाही. मावशींनी त्याला दंडाला धरून पुन्हा बाहेर नेलं. दुसऱ्या दिवसापासून वर्गातली सगळी मुलं गुडघ्यांवर चालत जागेवर जाऊ लागली. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

गेल्या वर्षी शाळेला नवीन बाई आल्या. नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या, जिभेवर निखारा. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर डस्टर आपटलं. "पाठ सरळ! म्हातारे आहात का सगळे?"

वर्गात सगळ्यांत लहान पोरीला बटण म्हणायचे. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, सरळ झालं की माणूस वाढतं."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू विरत गेलं.

बटणची थोरली बहीण म्हणजे जिराफ. नाव मुलांनीच ठेवलेलं. दोघी पुलाखालून आलेल्या. जिराफला वाचनाचं वेड होतं, पण तिचा आवाज घशातच अडकायचा. बाई म्हणाल्या, "वाकलेल्या माणसाचा आवाज जमिनीवर पडतो गं. ताठ उभी राहा आणि वाच." एक दिवस ती खरंच ताठ उभी राहिली. तिचा आवाज थेट दारापर्यंत, माझ्यापर्यंत आला. तेव्हापासून ती वाकलीच नाही. दारातून जाता-येता तिचं डोकं रोज थोडं जवळ आल्यासारखं वाटायचं. जिन्यावरून कुणीतरी सावकाश आपल्याकडेच चढत यावं, तसं.

मोजणीचा दिवस आला. मोठे काका, मावशी आणि समितीतली दोन जुनी माणसं दाराशी खुर्च्या टाकून बसली. बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"जिराफला मोजू नका. तिला काढलंत तर ती परत पुलाखाली जाईल. तिच्यामागून धाकटी जाईल. आत्ता कुठे वाचायला लागल्यात दोघी."

"बाई, तुम्ही कालच्या," काका म्हणाले. "ही पट्टी तुमच्या आधीपासून आहे."

"आधीपासून आहे म्हणून खरी? डॉक्टरांना बोलवा, दात बघू दे. उंचीवरून वय कोण ठरवतं?"

"आम्ही ठरवतो."

बाईंचे कान लाल झाले. त्या वळल्या, रांगेत उभ्या असलेल्या जिराफजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजच्या दिवस वाक गं. एका पावलाचं तर काम आहे."

"तुम्हीच म्हणालात, ताठ राहा."

"आज नको."

"मग उद्या बटणला काय सांगू?"

जिराफ निघाली. गुडघे सरळ, मान सरळ. बटण मागे उभी राहून दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं खाली दाबत होती.

जिराफचे ऊन, तेलकट केस माझ्या कडेला टेकले. मी उचलली गेले. सगळ्यांचे कान माझ्याकडे लागले होते. मी तिच्या डोक्याबरोबर वर गेले, ती पुढे सरकली तशी तिच्या केसांवरून घसरत खाली आले आणि आकड्यांत बसले. आवाज केला नाही.

"पुन्हा जा," काका म्हणाले.

ती बाहेर येऊन पुन्हा गेली. मी वर झाले, खाली आले. आवाज नाही.

"अहो, लागतंय की! दिसतंय ना डोळ्यांना!" मावशी म्हणाल्या.

"मग वाजत का नाही?"

काका उठले. त्यांनी मला बोटानं ढकललं. मग तळहातानं. मग दोन्ही हातांनी धरून आकड्यांवर आपटलं. मी हलले, आपटले, पण ओठ मिटलेल्या माणसासारखी गप्प राहिले. अकरा वर्षं तुम्ही सांगितलंत तेव्हा बोलले. आता नाही.

तेवढ्यात रांगेतून बारीक कडकड ऐकू येऊ लागली. एकेक पोर ताठ उभं राहत होतं. गुडघे, कंबर, मान, वर्षानुवर्षं मिटलेले सांधे उघडत होते. ती सगळी पुढे सरकून जिराफच्या मागे दाराशी उभी राहिली. त्यांतली कितीतरी माझ्याहून उंच होती.

बटणनं डोक्यावरचे हात काढले.

"चला," जिराफ म्हणाली, आणि ती एकामागून एक माझ्याखालून आत जाऊ लागली. प्रत्येक डोक्यानं मला उचललं. मी एकदाही वाजले नाही.

मोठे काका कान माझ्याकडे लावून उभे होते. मग ते खुर्चीत बसले. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी समितीकडे. समितीनं माझ्याकडे.