आवक खिडकीवरचा दहावा दिवस

विधानसभेच्या आवक खिडकीवर मी एकोणतीस वर्षं बसतोय. काम एकच, आलेल्या कागदावर तारीख-वेळेचा शिक्का मारायचा. कँटीनवाले मला 'घड्याळकाका' म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा अर्थसंकल्पावरून आमदारांचं आणि राज्यपालांचं चांगलंच वाजलं. आमच्या राज्यात राज्यपालांना एकेक खर्च कापता येतो; त्यांनी विधेयकातल्या अकरा बाबींवर लाल रेघ मारली. पण नियम असा, की विधेयक दहाव्या दिवशी पाचच्या आत माझ्या खिडकीवर परत यायला हवं. नाही आलं, तर रेघा रद्द आणि सगळं जसंच्या तसं मंजूर.

त्यातली सातवी बाब म्हणजे माझी भाची दिवसभर जिथे असते, ते दिव्यांगांचं केंद्र. चोवीस वर्षांची आहे, चालता-बोलता येत नाही. तिथल्या बाईंनी चार वर्षं जिवाचं रान करून तिला चमचा धरायला शिकवलं. ताई तिला तिथे सोडूनच कामावर जाते. केंद्र गेलं, की ताईची नोकरीही गेली.

दहाव्या दिवशी पावणेपाच वाजले तरी कुणी आलं नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

चार सत्तावन्नला राज्यपालांचा शिपाई धापा टाकत आला. लिफ्ट बंद, बिचारा पाच मजले चढला होता. असा कुणी आला, की मी आधी बसवतो, पाणी देतो, मग कागद घेतो. सवयीनं हात बाटलीकडे गेलाही. तीन मिनिटं सहज गेली असती आणि मला कुणी बोल लावला नसता.

मी हात मागे घेतला. शिक्का मारला. मग पाणी दिलं. स्वतःच्या सचोटीची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आमदारांनी घोषणा दिल्या, सभात्याग केला. पुन्हा मतदान घेऊन रेघा पुसता आल्या असत्या, पण तेवढ्यासाठी कोण थांबतंय?

केंद्र बंद झालं त्या संध्याकाळी ताईकडे गेलो. भाची दप्तर मांडीवर घेऊन दाराकडे बघत होती. ताईचा राजीनामा टेबलावर लिहून ठेवलेला.

"तो कागद किती वाजता आला रे?" ताईनं विचारलं.

एकोणतीस वर्षांत मी चुकीची वेळ कधी सांगितली नव्हती.

"तीनला."

"मग तू तरी काय करणार होतास," ताई म्हणाली. "दमून आलायस. आधी पाणी पी."